गळका रेडिएटर: हळदीआधी गळतीची जागा शोधा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उन्हाळी प्रवासाच्या तयारीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात रेडिएटर गळत असल्यास त्यात चमचाभर हळद टाकावी, म्हणजे गळती थांबते, अशी सूचना वाचली. टायर, ब्रेक आणि बॅटरी यांविषयीचे त्या लेखातील बाकीचे सल्ले उपयोगाचे होते आणि लेखाचा हेतूही चांगला होता, याबद्दल दुमत नाही. परंतु मे महिन्यात इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतून मोटारी नाशिक-पुण्याकडे निघतात, आणि वाचकांनी ही एक सूचना जशीच्या तशी अमलात आणली, तर त्यांतील काही मोटारींचे इंजिन वाटेत निकामी होऊ शकते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यातून मी निवृत्त झालो असून, इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेशी माझा कामानिमित्त दीर्घकाळ संबंध आला आहे.

मोटारमालकाने स्वतः हात लावूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. रेडिएटर गळतो म्हणून जी तक्रार केली जाते, तिच्यातील बराच भाग एखादी सैल क्लिप, चिरलेला होस (रबरी नळी) किंवा निकामी झालेले झाकण एवढाच असतो, आणि ही कामे पाना-पकड हाताळता येणाऱ्या कोणालाही घरच्या अंगणात करता येतात. मात्र त्यासाठी गळती नेमकी कोठे आहे, हे आधी शोधावे लागते. हळद काय किंवा बाजारात मिळणारी गळतीरोधक पावडर काय, तिचा मोठा दोष हा की ती शोधण्याचे हे काम टाळायला शिकवते.

यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जळणाऱ्या इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ द्रवाच्या, वाटे बाहेर काढावी लागते. वॉटर पंप हे कूलंट इंजिनातील पोकळ वाटांमधून फिरवतो, तापलेले कूलंट वरच्या होसमधून रेडिएटरमध्ये येते, तेथील चपट्या नळ्यांमधून जाताना वाऱ्याने निवते आणि खालच्या होसमधून पुन्हा इंजिनात जाते. थर्मोस्टॅट नावाची झडप बहुतेक मोटारींत ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते, म्हणजे चालत्या मोटारीतील कूलंट साध्या पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसे खाली कधीच नसते. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. मोटारीतील पाणी तसे उकळत नाही, ते झाकणामुळे. झाकणातील स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ ते १.१ बारने वाढू देते, आणि तेवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या जवळपास गेल्याशिवाय उकळत नाही. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच आहे. तेव्हा गळतीमुळे केवळ कूलंट कमी होते असे नाही. आतला दाब टिकत नाही, उकळबिंदू खाली येतो, आणि कूलंट पुरेसे दिसत असतानाही ते इंजिनाच्या सर्वांत तापलेल्या भागात उकळू लागते.

याच कारणाने तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते. झाकण सैल होताच दाब एकदम उतरतो, आतले शंभर अंशांवरचे पाणी क्षणात उकळून वाफेसह वर उसळते आणि उघडणाऱ्याचा चेहरा, गळा आणि हात भाजून काढते. जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे, असे काही जण सांगतात. मी तसे कोणालाही सांगणार नाही. इंजिन बंद करून बॉनेट उघडे ठेवावे, निदान तासभर थांबावे आणि वरचा होस दाबून पाहावा. तो हाताला गार आणि मऊ लागला, तरच झाकणाला हात लावावा. विजेवर चालणारा पंखा काही मोटारींत चावी काढल्यानंतरही आपोआप सुरू होतो, म्हणून बॅटरीची ऋण तार सोडल्याशिवाय पंख्याजवळ बोटे नेऊ नयेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतण्याची घाईही करू नये, कारण अचानक निवल्यामुळे धातूला तडा जाण्याची भीती असते.

आता गळती शोधण्याविषयी. सर्वांत आधी, मोटारीखाली दिसणारे पाणी कूलंटच आहे का, ते पाहावे. एसी चालवून मोटार उभी केली की पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या बाजूने थेंब पडत राहतात. ते हवेतल्या बाष्पाचे स्वच्छ, बिनवासाचे पाणी असते आणि उन्हाळ्यात या पाण्यानेच पुष्कळ जण घाबरतात. कूलंट रंगीत असते, बोटाला बुळबुळीत लागते आणि त्याला किंचित गोडसर वास येतो. वास आणि रंग बोटांवर आणि डोळ्यांनीच तपासावेत, चव कदापि घेऊ नये. खात्री करण्यासाठी रात्री मोटारीखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून ठेवावा. सकाळी डाग पुठ्ठ्यावर जेथे असेल, त्याच्या वरच्या बाजूला शोध सुरू करावा. मात्र पातळ पदार्थ सांध्यांवरून ओघळत दूर जाऊन टपकतो, तेव्हा डागाच्या अगदी डोक्यावरच गळती असेल असे धरून चालू नये.

गळतीची जागा बहुधा आपणहून खूण ठेवते. बाहेर आलेले कूलंट वाळले की हिरवट, गुलाबी किंवा पांढुरका थर जमतो. टॉर्च घेऊन हा थर वरच्या आणि खालच्या होसच्या दोन्ही टोकांना, रेडिएटरच्या जाळीवर, जाळी आणि प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यावर, खाली असलेल्या निचऱ्याच्या प्लगभोवती आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला शोधावा. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र मुद्दामच ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट तेथून बाहेर येते आणि पंप बदलण्याची वेळ आल्याचे कळते. ते छिद्र बंद करण्याचा प्रयत्न मी पाहिलेला आहे, आणि त्यातून केवळ पंपाचे बेअरिंग भिजून जाते. मोटारीत बसल्यावर आत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुके धरत असेल आणि पायाखालचा गालिचा ओला असेल, तर गळती डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये आहे. ते काम घरी करण्यासारखे नाही.

थंड असताना काहीच दिसत नसेल, तर इंजिन झाकण लावूनच सुरू करावे, ते तापू द्यावे आणि थोडे दूर उभे राहून पाहावे, कारण काही गळत्या दाब चढल्यावरच उघड होतात. याहून चांगला मार्ग म्हणजे दाब तपासण्याचा हातपंप. झाकणाच्या जागी तो बसवून थंड इंजिनातच झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब भरतात. काटा उतरू लागला की गळती आहे हे निश्चित होते आणि थेंब कोठून येतो तेही निवांत शोधता येते. हे उपकरण बहुतेक चांगल्या गॅरेजांमध्ये असते, आणि मालकाला स्वतः दुरुस्ती करायची असली तरी एवढी तपासणी पैसे देऊन करून घेणे शहाणपणाचे आहे असे मला वाटते. त्याच पंपावर झाकणही तपासता येते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर कोठेही भोक नसताना कूलंट राखीव टाकीत जाऊन उतू जाते आणि मालक उगाचच रेडिएटरला दोष देत राहतो. नवे झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवून घ्यावा. जास्त आकड्याचे झाकण लावल्यास जुने होस आणि सांधे फुटतात.

बाहेर एकही थेंब पडत नाही आणि तरीही कूलंट कमी होते, ही सर्वांत गंभीर स्थिती होय. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा थर दिसला, इंजिन तापल्यानंतरही धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला किंवा राखीव टाकीत सतत बुडबुडे येऊ लागले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधले सील, फुटल्याची शंका घ्यावी. अशी मोटार चालवू नये, तीत कसलीही पावडर टाकू नये आणि ती ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

होस बदलण्याचे काम मात्र मी प्रत्येक उत्साही मालकाला सुचवीन. मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन पूर्ण निवल्यावर रेडिएटरच्या खालच्या प्लगमधून कूलंट स्वच्छ टबात काढून घ्यावे. होसची क्लिप पकडीने किंवा पेचकसाने सैल करून मागे सरकवावी आणि होस आधी मागे-पुढे फिरवून मग ओढावा. वर्षानुवर्षे चिकटलेला होस सहज निघत नाही, आणि येथेच नुकसान होते, कारण हिसका दिला की रेडिएटरच्या टाकीचे प्लास्टिकचे तोंड मोडते आणि काही शे रुपयांच्या होसपायी आख्खा रेडिएटर बदलावा लागतो. असा होस ब्लेडने लांबीच्या दिशेने अलगद चिरून सोलून काढावा. तो तसाही टाकायचाच असतो. तोंडावर जमलेला पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यावा, नवा होस तोंडावरील उंचवट्याच्या पुढे नीट चढवावा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवावी. क्लिप उंचवट्यावरच आवळली, तर ती पहिल्याच चढणीला सुटते. आवळताना रबर क्लिपच्या खाचांतून वर येईल इतका जोर लावू नये. छोटी ग्वालटोलीच्या दुकानांतून होस घेताना जुना होस बरोबर न्यावा आणि वळण जुळवून पाहावे. सरळ नळी वाकवून बसवली की ती आतल्या बाजूला दुमडते आणि प्रवाह अडतो. एक होस चिरला असेल तर दुसरा त्याच वयाचा असतो, म्हणून दोन्ही बदलावेत.

आता खुद्द रेडिएटरच्या जाळीविषयी, कारण हळदीचा प्रश्न येथेच येतो. अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रेडिएटर तांबे-पितळेचा असे. भोक पडले की कारागीर तो उतरवून शिशाचा डाग देत असे (सोल्डरिंग करत असे) आणि तो पुढे पुष्कळ दिवस चाले. आजच्या मोटारींतील जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या असतात. मधे रबराचे गॅस्केट ठेवून जाळीच्या पत्र्याचे दात टाकीवर दुमडलेले असतात. अॅल्युमिनियमवर हवेत लगेचच ऑक्साइडचा कठीण पापुद्रा धरतो, त्यामुळे नेहमीचे शिशाचे डाग त्यावर बसतच नाहीत. कोणी तसे करून देतो म्हणाला, तरी पैसे देऊ नयेत.

दगड लागून एखाद्या नळीला बारीक भोक पडले असेल आणि ते डोळ्यांना दिसत असेल, तर उष्णता सोसणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी वापरून ते घरी बुजवता येते. त्यासाठी कूलंट त्या भोकाच्या पातळीखाली येईल इतके काढावे, आजूबाजूच्या पातळ पट्ट्या निमुळत्या पकडीने बाजूला कराव्यात, नळीचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा आणि अॅसिटोनने पुसून पूर्ण कोरडा करावा. पुटी टिकत नाही याचे कारण बहुधा पुटीत नसते. नळीवर राहिलेला कूलंटचा बुळबुळीतपणा तिला धरू देत नाही. दोन्ही भाग एकजीव मळून भोकावर दाबावेत, कडा पसरून घ्याव्यात आणि पाकिटावर लिहिलेला वेळ, तो चोवीस तासांचा असला तरी, पूर्ण जाऊ द्यावा. नळाच्या सांध्यांना लावायची साधी पुटी येथे चालत नाही, म्हणून पाकिटावर १२० अंशांच्या वरची मर्यादा लिहिली आहे का ते पाहूनच विकत घ्यावी. असा लेप नीट बसला तर बरेच दिवस टिकतो, तरी मी त्याला तात्पुरताच समजतो. प्लास्टिकच्या टाकीला गेलेला तडा किंवा टाकी आणि जाळी यांच्या सांध्यातील गळती यांवर लेप देण्यात वेळ घालवू नये. तापताना आणि निवताना प्लास्टिक व धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात आणि लेप सुटून येतो. तेथे नवा रेडिएटर हाच उपाय आहे.

हळदीने गळती काही वेळ थांबते, हे खरे आहे, आणि म्हणूनच हा उपाय इतका पसरला. पाण्याबरोबर फिरणारे कण भोकापाशी ओढले जातात, तेथे साचतात आणि फुगून भोक बुजवतात. बाजारातील गळतीरोधक पावडरी आणि गोळ्याही साधारण याच तत्त्वावर चालतात. त्यांतील काहींत सुंठीसारखे वनस्पतिजन्य तंतूही वापरले जातात. गॅरेजपासून दूर अडकलेल्या ट्रकचालकाने, रुंद नळ्यांच्या जुन्या तांब्याच्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून मुक्काम गाठला असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु कोणती जागा बुजवायची आणि कोणती मोकळी ठेवायची, हे हळदीला कळत नाही. आजच्या रेडिएटरच्या चपट्या नळ्यांची आतली पोकळी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते आणि हीटरच्या नळ्या त्याहूनही अरुंद असू शकतात. हळदीचा लगदा त्यांत आणि थर्मोस्टॅटच्या झडपेवर बसतो, सततच्या उष्णतेने शिजतो आणि गाळ होऊन राहतो. गळती थांबल्यासारखी दिसते, पण रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता घटते. गावातल्या गावात ते जाणवत नाही, घाटात जाणवते. तयार गळतीरोधकही केवळ गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतेच, बाटलीवर सांगितलेल्या मात्रेतच वापरावे, आणि नंतर संपूर्ण यंत्रणा धुवून घ्यावी. अंडे फोडून घालण्याचा उपायही मी ऐकला आहे; त्याविषयी लिहिण्याची गरज नाही.

दुरुस्तीनंतर काय भरावे, याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. माळव्याची जमीन काळ्या पाषाणाची असून येथील बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात; घरातील गीझर आणि बादल्या पाहिल्या की त्याची खात्री पटते. जलूदहून इंदूरला १९७८ पासून येणारे नर्मदेचे पाणी पिण्याला उत्तम असले, तरी रेडिएटरच्या दृष्टीने तेही क्षारयुक्तच आहे. तापलेल्या धातूवर हे क्षार थर धरतात, थरामुळे उष्णता बाहेर जात नाही, आणि गंजरोधक नसलेले पाणी अॅल्युमिनियम आतून खाते. वर्षभर थोडे थोडे नळाचे पाणी घालत राहणाऱ्या मालकाचा रेडिएटर पुढे आतूनच गळू लागतो. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे. ते घट्ट स्वरूपात मिळाले, तर बॅटरीसाठी विकल्या जाणाऱ्या क्षारविरहित पाण्यात पुस्तिकेतील प्रमाणानेच मिसळावे. निम्मे एथिलीन ग्लायकोल आणि निम्मे पाणी असे मिश्रण उघड्या हवेत सुमारे १०७ अंशांना आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्याही पुढे उकळते. बर्फ पडत नसलेल्या आमच्या प्रदेशात कूलंट कशाला, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आणि त्यातील गंजरोधकांत आहे. मात्र नुसते ग्लायकोल भरणेही चूक आहे, कारण पाण्याच्या तुलनेत ते उष्णता कमी वाहून नेते. हिरवे, गुलाबी, नारिंगी या रंगांवर विश्वास ठेवू नये. रंग कंपनीने घातलेला असतो आणि एकाच रंगाच्या दोन कूलंटांची घडण वेगळी असू शकते. न जुळणारी दोन कूलंटे एकत्र झाली की कधीकधी आत साय धरल्यासारखा गोळा होतो.

भरताना आत हवा राहू देऊ नये. लहान मोटारीत साधारण साडेतीन ते सहा लिटर कूलंट मावते. बाहेर काढलेल्यापेक्षा बरेच कमी आत गेले, तर हवा अडकली आहे असे समजावे. मोटारीचे तोंड किंचित उंच राहील अशी ती उभी करावी, हीटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवावे, झाकण काढूनच गार इंजिन सुरू करावे आणि पातळी उतरेल तसे कूलंट घालत जावे. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होस गरम होतो, पातळी एकदम खाली जाते आणि बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की वरपर्यंत भरून, ते उकळण्याच्या आत झाकण लावावे. काही मोटारींत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो आणि ज्या मोटारींत दाबाचे झाकण राखीव टाकीवरच असते तेथे पद्धत थोडी बदलते, पुस्तिका पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, राखीव टाकीतील पातळी कमाल आणि किमान या दोन रेषांच्या मधे आहे ना, हे तपासूनच दुरुस्ती झाली असे म्हणावे. मोटार वॉरंटीत असेल, तर यातले काहीही स्वतः न करता ती अधिकृत केंद्रातच न्यावी.

प्रवासाबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगतो. इंदूरहून महाराष्ट्राकडे जाताना आधी उतार लागतो, म्हणून दुबळा रेडिएटर जाताना तग धरतो. परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली की माळव्याच्या पठारावर मानपूरपर्यंत साधारण चारशे मीटरची चढण चढावी लागते. खंडवा रस्त्यावर भेरूघाटातही हेच होते. भरलेली मोटार, चालू एसी, पुढे रांगणारे ट्रक आणि चाळिशीच्या पुढे गेलेला पारा अशा वेळी यंत्रणेची खरी परीक्षा होते. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. आत उकाडा असह्य होईल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनातली उष्णता त्याच्या वाटे निघते. तरीही काटा उतरला नाही किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा पाहून इंजिन लगेच बंद करावे. पुष्कळ नव्या मोटारींत काटा नसतोच, केवळ दिवा असतो. कूलंट फार उतरले की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो, आणि कोरड्या सेन्सरला खरे तापमान कळेलच असे नाही. काटा मधोमध आणि हीटरमधून मात्र एकाएकी गार हवा, असे झाले तर हीटरवर विश्वास ठेवून थांबावे. पुढचे दोन किलोमीटर ढकलत नेण्याच्या मोहात अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि हजारो रुपयांचे काम निघते.

शेवटचा मुद्दा मोटारीचा नसून वस्तीचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कूलंटमधील एथिलीन ग्लायकोल विषारी आहे. प्रौढ माणसाच्या पोटात शंभर मिलिलिटरच्या आसपास गेले तरी ते प्राणघातक ठरू शकते. मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुले, कुत्री आणि मांजरे यांना त्याहून पुष्कळच कमी पुरते, आणि ते गोडसर असल्यामुळे ती त्याकडे ओढली जातात. म्हणून काढलेले कूलंट उघड्या टबात अंगणात ठेवू नये, पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत तर मुळीच भरू नये. सांडलेले माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावे आणि फरशी भरपूर पाण्याने धुवावी. कोणी कूलंट प्यायल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता, डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण यावर उतारा आहे आणि तो लवकर द्यावा लागतो.

गॅरेजांतून निघणारे जळके ऑइल विकत घेणारे लोक आहेत, त्यामुळे ते गोळा होते. जुन्या कूलंटला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते बहुतेक ठिकाणी सरळ गटारात जाते, आणि पावसाळी गटारांतून वाहणारे पाणी कान्ह नदीतून उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. आमच्या शहरात घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून दिला जातो आणि त्यात घरगुती धोकादायक कचऱ्याचाही एक प्रकार आहे. तेव्हा जुने कूलंट बंद डब्यातून स्वीकारण्याची सोय महानगरपालिकेने प्रत्येक झोनमध्ये एका ठिकाणी तरी करावी आणि गॅरेजांना ते तेथे जमा करणे बंधनकारक करावे, ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, अशी माझी विनंती आहे. अशी सोय होईपर्यंत घरी दुरुस्ती करणाऱ्या वाचकांनी काढलेले कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ठळक अक्षरांत 'विष' असे लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि ते घेण्यास तयार असलेल्या एखाद्या मोठ्या वर्कशॉपला द्यावे.

कळावे,

आपला नम्र,
एक नियमित वाचक, इंदूर